ज्याच्या मांडवात जेवलो

सर,

तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात खिडकीकडच्या बाकांवर बसणारे आम्ही नऊ जण मराठी शाळांतून आलो होतो, आणि आम्हा नऊ जणांची तुमच्याविरुद्ध एकच तक्रार होती. तुम्ही नोट्स देत नव्हता. बाकीचे प्राध्यापक सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, पाठ करायचो, पास व्हायचो. तुम्ही स्वतः गिरणी कामगाराचा मुलगा, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकलेले, आणि आम्हालाच म्हणायचात, "पुस्तक वाचा. कळलं नाही तरी वाचा." पलीकडच्या रांगेतली इंग्रजी शाळेची मुलं हसायची. आपला माणूसच आपल्याला बुडवतोय असं आम्हाला वाटायचं. ती तक्रार मी केव्हाच मागे घेतली आहे. हे पत्र दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमच्या घरी आले नव्हते. स्मशानातही नव्हते. त्याला आता अकरा वर्षं झाली, आणि येत्या शनिवारी आपल्या कॉलेजने तुमच्या स्मरणार्थ मला भाषणाला बोलावलं आहे. विषय तीच अमेरिकन कादंबरी.

त्या कादंबरीच्या पहिल्या तासाला तुम्ही फळ्यावर काही लिहिलं नाहीत. टेबलाच्या कडेला टेकून गोष्ट सांगितलीत. एक गरीब घरातला मुलगा, एक वरच्या घरातली मुलगी. तो युद्धावरून परत येतो तोवर तिचं लग्न झालेलं. मग हा मिळेल त्या वाटेने पैसा करतो, तिच्या घरासमोर पाण्यापलीकडे मोठा बंगला घेतो आणि दर आठवड्याला शेकडो लोकांना खाऊपिऊ घालतो, एवढ्याच आशेवर की कधीतरी ती येईल. "म्हणजे समजा," तुम्ही म्हणालात, "मढला बंगला घेतला आणि वर्सोव्याकडे बघत बसला." सगळा वर्ग माझ्याकडे वळला, कारण वर्गात वर्सोव्याची मी एकटीच. तुम्ही विचारलंत, "आता सांगा, हा त्या मुलीच्या प्रेमात आहे की तिच्या घराच्या?" माझ्या मागचा जोगेश्वरीचा पोरगा बसल्या जागेवरून बोलला, "सर, घर अंधेरी वेस्टला असलं तर दोघांच्या." तुम्ही इतके हसलात की चष्मा काढावा लागला. मग म्हणालात, "यार, परीक्षेत हेच लिही. फक्त इंग्रजीत." तो म्हणाला, "तिथेच तर वाट लागते ना सर."

मी ते पुस्तक आमच्या अंगणात वाचलं. थंडीचे दिवस होते, बोंबील सुकवायचे दिवस. सकाळी आई आणि मी बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगायचो, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून, कपडे वाळत घालावेत तसे. हात त्यात, पुस्तक पाटीवर उघडं. पान उलटायचं तर कोपराने. आई विचारायची, "काय चाललंय त्याचा?" आणि मी सांगायचे. तिला तो माणूस पहिल्यापासून आवडला नव्हता. "दुसऱ्याची बायको ती. तिचे मागं कला लागलाय?" (आमच्यात कला म्हणजे कशाला, सर.) पण तो सगळ्यांना जेवू घालतो हे तिला पटलं होतं. शेवटी तो मरतो आणि त्याच्या मयताला जवळजवळ कुणीच येत नाही, हे सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"त्याचे घरा जेवले ना सगले?"

"जेवले. दर आठवड्याला."

"मंग मयताला कला नाय आले?"

"नाही आले, आये. पुस्तकात तसंच लिहिलंय."

"खोटा लिवलाय," आई म्हणाली आणि पुढचा बोंबील उचलला. "बाईमाणूस तरी आला असता एकादा."

तुम्ही आमच्या कोळीवाड्यातलं लग्न कधी पाहिलं नव्हतंत, म्हणून सांगते. हळदीला सगळा गाव जेवतो. भांडण असलेलाही जेवतो. पण ज्याच्या मांडवात जेवलात त्याच्या दारात मयत पडलं की जायचं. तिथे बोलावणं लागत नाही, सबब चालत नाही. बोट समुद्रात असेल तर परत आल्यावर आधी तिथे, मग घरी. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. भरती-ओहोटीसारखं ते होतंच. म्हणून चाचणी परीक्षेत तुम्ही त्या माणसाच्या एकटेपणावर प्रश्न विचारलात तेव्हा मी माझ्या मोडक्या इंग्रजीत दोन पानं लिहून टाकली, की लेखकाची इथे चूक झाली आहे. त्याला माणसं माहीत नाहीत. शेकडो माणसं जेवून जातात आणि एकही येत नाही, असं कुठेच होत नाही.

दहापैकी तुम्ही मला तीन दिलेत. समासात मराठीत लिहिलंत, "रविवारी घरी ये."

जोगेश्वरीच्या तुमच्या त्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदा आले ती अशी. आई बरोबर आली होती, कारण सरांनी घरी बोलावलं म्हणजे पोरीने काहीतरी केलंय अशी तिची खात्री होती. ती पापलेटं घेऊन आली. काकूंनी ती बघितली आणि म्हणाल्या, "गो बाये, इतकी ताजी! वर्सोव्याचा समुद्र काय तुमच्या दारात येता?" दोघी स्वयंपाकघरात गेल्या. आतून आईचं हसणं ऐकू यायला लागलं तेव्हा माझी भीती थोडी कमी झाली. मग तुम्ही माझी उत्तरपत्रिका काढलीत.

"लेखकाची चूक?" तुम्ही म्हणालात. "तो गेला कधीचा. त्याचं पुस्तक जगभर वाचतात. आणि चूक तुला सापडली?"

मी म्हटलं, "सर, पण ते जेवले होते."

"ते तुझ्या गावचे नव्हते. त्यांना गावच नव्हतं. पैसा आला की पहिल्यांदा गाव सुटतं, मग कोण कुणाकडे जेवलं हे लक्षात ठेवायची गरज उरत नाही. लेखक तेच सांगतोय. तू त्याच्यावर रागावलीस, तुला त्या पाहुण्यांवर रागवायचं होतं."

माझा चेहरा पडलेला बघून तुमचा आवाज उतरला. "वाचणारा आपलं गाव घेऊनच पुस्तकात शिरतो. शिरावंच. पण बाहेर पडताना तेच गाव जसंच्या तसं घेऊन आला, तर वाचलं काय त्याने?" मी म्हटलं, "म्हणजे आमचं चुकीचं?" तुम्ही म्हणालात, "चुकीचं नाही गं. पण तू तिथे किती दिवस राहणार आहेस?"

मला तो अपमान वाटला होता. काकूंनी जेवायला हाक मारली, आणि आम्ही चौघं आणि तुमची लेक एकाच पंगतीत जेवलो. त्यानंतर दोन वर्षं मी किती रविवार तुमच्याकडे जेवले हे मला माहीत नाही. खिडकीकडचे बाकीचे आठही कधी ना कधी येऊन जेवले. काकू म्हणायच्या, "आमच्या सरांचो क्लास आणि माझी खानावळ."

त्या तीन मार्कांच्या उत्तरातून माझं पहिलं भाषण झालं. तुम्हीच करायला लावलंत. वक्तृत्व स्पर्धेत मी त्या कादंबरीतल्या पाहुण्यांना फाडून खाल्लं. पुढे मी जे झाले ते तुम्ही पाहिलंत. झोपड्यांसाठी बोलले, खाडीतल्या भरावाविरुद्ध बोलले, कोळीवाड्यावर डोळा ठेवणाऱ्या बिल्डरांच्या विरोधात बोलले. प्रत्येक ठिकाणी कुठेतरी ते वाक्य यायचंच: आमच्यात ज्याच्या मांडवात जेवतात त्याच्या मयताला जातात, या शहरातल्या श्रीमंतांनी आमचं खाल्लं आणि आमच्या मयताला ते फिरकले नाहीत. टाळ्या हमखास. मी ते वाक्य मनापासून बोलत होते. आजही ते मला खरं वाटतं, आणि श्रीमंतांबद्दलचं माझं मत एका इंचाने बदललेलं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी मुलुंडला होते. सभा दुपारची होती. माझ्या आधीचा वक्ता बोलत असताना काकूंच्या भाच्याचा फोन आला. मी मंडपामागे जाऊन आईला कळवलं, "आये, सर गेले." ती एवढंच म्हणाली, "मी निंगतो. तू पण नीघ." मी परत आले तर आयोजक म्हणाले, "ताई, तुमचंच नाव पुकारतोय. लोक तुमच्यासाठी थांबलेत. पाचच मिनिटं बोला हवं तर." मी तासभर बोलले. ते वाक्यही बोलले. बोलत असताना ते माझ्या तोंडात अडकलं नाही, आवाजही कापला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर कधीतरी मी स्वतःला सांगायला लागले होते की माझा आवाज कापत होता. सभा संपल्यावर चहा आला, माणसं भेटायला आली, कुणी फोटो काढले. उशीर झाला होता, पण निघाले असते तर तुमच्या घरी तरी पोचले असते. मी निघाले नाही. आता जाऊन काय तोंड दाखवायचं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तर तो विचार आणखी पक्का झाला. तेराव्यापर्यंत त्याचा दगड झाला होता.

दोन दिवसांनी आईने विचारलं, "सरांकडं गेलेलीस ना?" मी म्हटलं, "गेले होते. थोडी उशिरा." ती म्हणाली, "बरा केलास," आणि भात वाढला.

गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. कॉलेजने त्यांनाही कार्यक्रमाचं बोलावणं दिलं आहे, पण गुडघ्यांमुळे त्यांना जिने उतरता येत नाहीत. तुमच्या लेकीचं लग्न होऊन ती लांब गेली, त्या एकट्याच असतात. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. "तू बोलतलंस म्हणजे बरां बोलतलंस," म्हणाल्या. मग सहज म्हणाल्या, "तुझी आवस बरी आसा मां? त्या दिवशी तिनाच माका सांभाळलान. भात-वरण घेऊन इल्ली. सगळे गेले तरी रात्री दहा वाजेपर्यंत बसली होती. दारात कोण आला की बघायची. मी म्हटलंय, कोणाची वाट बघतंस? तर म्हणाली, कोणाची नाय."

मी फोन ठेवला. म्हणजे अकरा वर्षं आईला माहीत आहे. मी "गेले होते" म्हटलं तेव्हाही माहीत होतं. तिने "बरा केलास" म्हटलं आणि भात वाढला. ती त्या पाहुण्यांवर कधी रागावली होती की नाही, मला आता सांगता येत नाही. तिचा राग त्या लेखकावर होता, कारण माणसं अशी असतात हे तिला पटत नव्हतं. ते पटवायचं काम शेवटी मी केलं.

हे सगळं शनिवारी व्यासपीठावरून सांगितलं तर फार चांगलं भाषण होईल, सर. लोक रडतील. मला ते आत्ताच ऐकू येतंय, कुठे थांबायचं ते सुद्धा. म्हणून मी कॉलेजला कळवून टाकलं की मी येणार नाही, आणि आपल्या त्या नऊ जणांपैकी ज्यांचे नंबर सापडले त्यांना निरोप दिला की शनिवारी सभागृहात जाऊ नका, डबा घेऊन जोगेश्वरीला काकूंकडे या. चौघांनी हो म्हटलंय. तो जोगेश्वरीचा, अंधेरी वेस्टचा विनोद करणारा, म्हणाला, "मी वेस्टला राहतो आता. येतो." काकूंकडे जाणं मला जमेल. पाच जणांत मिसळून जाता येतं.

पत्र तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. आई देईल, आणि तिच्यासमोर मला दोन वाक्यंही जुळवता येत नाहीयेत. आयुष्यभर हजारो लोकांना मी उठा म्हणून सांगितलं. आज एकाच बाईला सांगते, स्वतःलाच. हे पत्र खणात टाक, वर्सोव्याला जा, आईच्या समोर बस आणि तिला सांग: आये, मी गेले नव्हते.