वाडीचा निकाल, आमचा निकाल

१४ मे, बुधवार

दहावीचा निकाल लागला. आमची शाळा शंभर टक्के, सलग सहाव्यांदा. वाडीची शाळा अठ्ठावन्न.

माझी बायको मनकर्णा वाडीला शिकवायची. तिला जाऊन तीन महिने झाले. असती तर मी चप्पल काढायच्या आतच म्हणाली असती — "आणलेत का पेढे? त्यातले अर्धे माझे!" दर वर्षी म्हणायची. मी हसायचो. का म्हणते ते ठाऊक होतं, म्हणूनच हसायचो.

पेढ्याचा पुडा शाळेतच ठेवून आलो.

१७ मे, शनिवार

संस्थेच्या सचिवांनी बोलावलं. दोन्ही शाळा संस्थेच्याच. त्यांना तुलनात्मक तक्ता हवा आहे — निकाल, पट, मुली, प्रवर्ग, अल्पसंख्याक, पालकांचा व्यवसाय. वाडीचे नववी-दहावीचे वर्ग ठेवायचे की आमच्यात आणायचे, ते जूनच्या सभेत ठरणार.

"सर, तुम्ही गणिताचे. शिवाय वाडीची शाळा तुमच्या घरातलीच. तुम्ही तक्ता केला म्हणजे कुणी पक्षपात म्हणणार नाही."

हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही.

२० मे, मंगळवार

तक्ता भरला. आमचे पालक — नोकरदार, दुकानदार, बागायतदार. वाडीचे — ऊसतोड, मेंढपाळ, बेकरीत नाहीतर बांधकामावर. दिवाळी झाली की निम्मा वर्ग कारखान्यावर. मार्चमध्ये काही जण टेम्पो धरून परीक्षेपुरते येतात. काही येतच नाहीत.

कुणीही म्हणेल — गरीब मुलं, कमी निकाल, त्यात काय शोधायचं! तक्ता खोटा नाही. पण एक रकाना त्यात नाही. हे मूल आधी कुठल्या शाळेत होतं?

आमच्याच! आठवी-नववी झाली की कच्च्या मुलांच्या पालकांना मी बोलवायचो. "इथं दहावी झेपायची नाही त्याला. वाडीला घाला. तिथं मॅडम आहेत, बघतील." मॅडम म्हणजे माझी बायको. दाखल्यावर वर्गशिक्षक म्हणून सही माझी. दुसरे सर असले दाखले देताना जरा तरी बिचकायचे. मी कधी बिचकलो नाही. वाटायचं, घरातच तर पाठवतोय.

२१ मे

रकाना घातला. खोडला.

२६ मे, सोमवार

तिसगावला बाजारात इमामबी भेटल्या, वाडीच्या. आठवीनंतर त्यांच्या नातीला, अर्शीला, मीच दाखला दिला होता. ती आता दहावीत जाईल. तिचे आईबाप पुण्याला बेकरीत आहेत.

"सर, बाई लई आठवत्यात वो. ही पोरगी तर पयल्यावानी जेवत बी न्हाई."

पुढे म्हणाल्या, "बाई सांगायच्या ना — आमचे सर मुद्दाम धाडत्यात पोरं माझ्याकडं. ज्यांच्यात चमक हाय तीच निवडून. अल्ला तुमचं भलं करो."

पिशवीत गवार कोंबली. नको म्हणालो तर रागावल्या.

मनकर्णाने असं सांगितलं होतं! मला कधीच बोलली नाही. माझ्याकडे तिने एकदाच मागणं केलं होतं. दोन वर्षांपूर्वी कमी निकालाची नोटीस घेऊन घरी आली तेव्हा — "सभेत एकदा तुम्ही बोला. मी बोलले की रडगाणं होतं."

बघू म्हणालो. त्याच सभेत शाल-नारळ देऊन माझा सत्कार झाला. ती मागच्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवत होती.

गवार शेजारी देऊन टाकली.

५ जून, गुरुवार

रकाना घातला. वाडीला तेहतीसपैकी चौदा नापास. त्यातले अकरा आमच्याकडून गेलेले. जुना तक्ता सचिवांकडे केव्हाच गेलाय. हा नवीन कागद सदऱ्याच्या खिशात ठेवला. उद्या सभा.

बोलेन.

६ जून, शुक्रवार

सभेच्या सुरुवातीला तिला श्रद्धांजली. सगळे उभे राहिले. "मनकर्णाबाईंसारखी शिक्षिका पुन्हा होणे नाही," सचिव म्हणाले. मग दोन मिनिटं शांतता. खाली बसलो तर पुढचाच विषय — वाडीचे वर्ग. जुना तक्ता पडद्यावर.

"आकडेच बोलतात," आमचे मुख्याध्यापक गोरक्षनाथ सर म्हणाले. "येऊ द्या की तिथल्या पोरांनाही शंभर टक्क्यांच्या शाळेत!"

"सर, तुमचं काही म्हणणं?" सचिवांनी मला विचारलं.

सगळे वळून पाहायला लागले. बायको गेलेला माणूस — सगळ्यांच्या नजरेत माया होती. हात खिशापर्यंत गेला.

"नाही," म्हणालो.

ठराव मंजूर. वाडीला आता आठवीपर्यंतच शाळा. तिच्यासाठी मी उभा राहिलो तो तेवढाच, दोन मिनिटं.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू. या वर्षी दहावी माझ्याकडे. वाडीची मुलं टेम्पोने आली. इमामबी अर्शीला घेऊन थेट वर्गात.

"बाई न्हाईत, पर तुमी हायेत. आता तुमच्याच हाताखाली हाय पोरगी."

अर्शी खाली बघत होती. दाखला देताना मी काय बोललो होतो, ते तिने समोर उभं राहून ऐकलं होतं. आजीला तिने अजून सांगितलेलं दिसत नाही.

तीही नाही सांगत!

११ जुलै, शुक्रवार

पहिली चाचणी झाली. अर्शी त्यात कच्ची ठरली. गोरक्षनाथ सरांनी अर्शीचा दाखला सहीला पाठवला. पेन काढलं आणि सवयीने लिपिकाला विचारलं, "कुठल्या शाळेत जातेय?"

तो म्हणाला, "आता कुठली राहिलीय, सर?"