‘उमलती पावलं’ सदराची वाटचाल

४ मार्च, मंगळवार

अखेर न्याय मिळाला. संपादकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, हवामान आणि निधनवार्ता आता नवी मुलगी बघेल, तुम्ही आपल्या भागातल्या युवक मंडळाचं पान घ्या. दर आठवड्याला मंडळाचा एक फोटो, त्याखाली ओळी आणि एका सभासदाचा छोटासा परिचय. साधं लिहा, म्हणाले. हा माणूस माझ्या हाताखाली प्रुफं तपासायला शिकला. राग धरला नाही.

सदराचं नाव जागच्या जागी सुचलं. ‘उमलती पावलं’. संपादक म्हणाले, पावलं उमलत नाहीत. मी नुसता हसलो. संध्याकाळी तेच नाव कायम झालं, कारण पान छापायला जायचं होतं आणि दुसरं कोणाला सुचलं नाही.

टेबल झेरॉक्स मशीनशेजारी हलवलंय. एकांत मिळावा म्हणून असणार.

एक किरकोळ गोष्ट. सभासदांत आमच्या लेकीचं नाव निघालं. दोन वर्षांपासून आहे म्हणे. मी समजत होतो, ती संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासला जाते. बायको म्हणाली, तो क्लास कधीच संपला.

संकल्प : वर्षभर परिचय लिहायचे, मग पुस्तक काढायचं. प्रस्तावना मीच लिहीन. दुसऱ्या कोणाची योग्यता नाही.

७ मार्च, शुक्रवार

पहिलं पान आलं. फोटोत मंडळ ओळीने उभं. नावं फोटोग्राफरने लिहून दिली होती, ‘डावीकडून’ म्हणून. मी त्यांची डावी बाजू धरली. त्यामुळे सगळी नावं उलटी लागली. मधला तेवढा बरोबर. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या धिप्पाड दाढीवाल्याखाली आमच्या लेकीचं नाव आलं.

फोटोग्राफर म्हणाला, अहो काका, वाचणारा फोटोच्या समोर बसलेला असतो. मी त्याला समजावलं, लेखकाने नेहमी दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघायचं असतं. तो कॅमेरा उचलून निघून गेला. पटलं असावं.

दिवसभर ऑफिसात फोन. लोक वाचतात तर!

लेक अर्ध्या जेवणातून उठून आत गेली. भारावली असेल.

११ मार्च, मंगळवार

पहिला परिचय, वेल्डरचा. हा मुलगा मंडळातर्फे दवाखान्यातल्या मोडक्या व्हीलचेअर फुकट दुरुस्त करतो. त्याच्या दुकानात गेलो. काळा चष्मा लावून खुर्चीत बसला होता. चाचपडत चाचपडत पाण्याची बाटली शोधली. तो स्वतःबद्दल सांगायला लागला, पण मी हात वर करून थांबवलं. लगेच थांबला. मी चेहरा वाचतो. शब्दांची गरज पडत नाही.

घरी येऊन एका बैठकीत लेख पुरा. शीर्षक : ‘डोळ्यांपुढे अंधार, हाती ठिणग्या’. वाचताना माझेच डोळे भरून आले. बायकोला वाचून दाखवणार होतो, ती झोपली होती. साडेसात वाजले होते. हल्ली फार लवकर झोपते.

१७ मार्च, सोमवार

वेल्डरची आई ऑफिसात आली. म्हणाली, माझा मुलगा आंधळा नाही. वेल्डिंगच्या झोताने डोळे सुजले होते, डॉक्टरांनी थेंब घालून दोन दिवस मिटून ठेवायला सांगितलं होतं, एवढंच. आता शाळेच्या कुंपणाचं काम हातचं गेलंय. आंधळ्या वेल्डरकडून कोण कुंपण करून घेईल, असं मुख्याध्यापक तोंडावर म्हणाले. बाई रडत होत्या.

मी विचारलं, पण लेख आवडला ना?

संपादकांनी मला जरा बाहेर थांबायला सांगितलं.

२१ मार्च, शुक्रवार

खुलासा छापला. ‘सदर तरुणास दोन्ही डोळ्यांनी उत्तम दिसते.’ सपक वाक्य. मी असतो तर निदान ‘गरुडासारखे’ म्हटलं असतं. पण एका तरुणाला सलग दोन अंकांत प्रसिद्धी मिळाली, हे कोणी लक्षात घेत नाही. शाळेने तोवर दुसरा वेल्डर लावला होता. शाळांनाच वाचनाची गोडी नाही, काय करणार.

संपादकांची सूचना : यापुढे समोरच्याला बोलू द्या. विचार करीन.

२४ मार्च, सोमवार

मंडळाच्या खोलीवर गेलो. एका दुकानाच्या वरची लांबट खोली. भिंतीला व्हीलचेअरची चाकं टेकवलेली, कोपऱ्यात फळा, फळ्यावर दवाखान्यात कोण कधी जाणार ते लिहिलेलं. मी जिन्यात असताना आतून हसण्या-बोलण्याचा केवढा कल्लोळ. दारात उभा राहिलो आणि सगळे एकदम चिडीचूप. आजच्या पिढीत एवढा आदर राहिलाय हे बघून बरं वाटलं.

लेक होती. मला पाहून मागच्या दाराने गच्चीत गेली.

मंडळाची प्रमुख एक ठेंगणी, चटपटीत मुलगी आहे, तिला सगळे ‘कप्तान’ म्हणतात. तिने मला बाजूला नेऊन फार गोड शब्दांत विनंती केली की काका, आमच्यावर लिहिणं बंद केलंत तर बरं होईल. काय विनय! प्रसिद्धीची जराही हाव नाही. हिचा परिचय दोन भागांत घ्यावा.

वेल्डर कोपऱ्यात चाकाला तेल घालत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो उचलून बाजूला केला. हळूच केला, पण केला.

२७ मार्च, गुरुवार

पुढचा परिचय आमच्या लेकीचा. तिला सांगितलं, उद्या अर्धा तास बस. म्हणाली, बाबा, माझं नको. मी म्हटलं, घराण्याचा मान आहे. म्हणाली, बाबा, प्लीज. मग म्हणाली, मला तुम्हाला एक वेगळंच सांगायचंय. मी म्हटलं, ते परिचय झाल्यावर.

बसायला तयार नाही. काही बिघडत नाही. बापाला मुलाखत कशाला हवी? जन्मापासून बघतोय.

२९ मार्च, शनिवार

लेखनाचा दिवस. सकाळी दहाला बसलो.

पहिलं वाक्य उत्तम झालं : तिचा जन्म झाला.

पुढे लिहिलं, चित्रकलेची आवड. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, ती सातवीतच सोडली. लिहिलं, कुत्र्यांना फार घाबरते. बायको म्हणाली, मंडळाच्या खोलीखालच्या दोन कुत्र्यांना तीच आंघोळ घालते. आवडता रंग निळा लिहिला. बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. खोडला.

मग विचारलं, तिची एखादी जिवाभावाची मैत्रीण? बायको म्हणाली, कप्तान. चार वर्षं आपल्या घरी येते, तुम्ही तिला पेपरवाली समजून दोनदा दारातून परत पाठवलंय.

दुपारी जरा पडलो.

३० मार्च, रविवार

युक्ती सापडली. मुलीला समजून घ्यायचं तर जिथे ती घडली ते वातावरण आधी दाखवायला हवं. म्हणजे मी. माझं बालपण, माझा संघर्ष, माझी हवामानावरची पकड. लेखणी भरधाव सुटली. सोळाशे शब्द झाले. लेक चौदाव्या परिच्छेदात येते आणि शोभून दिसते.

१ एप्रिल, मंगळवार

संपादकांनी लेख वाचला. कागदांची घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकली. मग म्हणाले, हा परिचय फोटोग्राफर लिहील, तो नाहीतरी फोटो काढायला जाणारच आहे. मला वाटलं आजच्या तारखेची थट्टा असेल. नव्हती.

हरकत नाही. नव्या लोकांना संधी द्यायलाच हवी. मी मार्गदर्शन करीन, असं फोटोग्राफरला कळवलं. तो म्हणाला, काका, मी बघतो.

३ एप्रिल, गुरुवार

केस कापायला गेलो. न्हावी म्हणाला, अभिनंदन साहेब, तुम्हाला जड जाईल, पण चांगलं झालं. मी आभार मानले. औषधांच्या दुकानदारानेही हात जोडून अभिनंदन केलं. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई तर डोळे पुसत म्हणाल्या, घर सुनं होणार हो.

सदराचा एवढा बोलबाला होईल असं वाटलं नव्हतं. शिंपीणबाईंचं वाक्य मात्र नीट लागलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

परिचय छापून आला. तीनशे शब्द. विरामचिन्हांच्या दोन चुका काढल्या.

त्यात लिहिलंय की दवाखान्यात ज्यांना भेटायला कोणी येत नाही, त्यांच्याजवळ आमची लेक दोन वर्षं रोज संध्याकाळी जाऊन बसते. एक म्हातारे गृहस्थ तिचा हात धरूनच गेले. त्या रात्री ती घरी येऊन जेवली नव्हती. (मला आठवत नाही.) नर्सिंगच्या कोर्सला तिची निवड झालीय. दुसऱ्या शहरात, होस्टेलवर राहायचं, येत्या तेरा तारखेला निघायचं.

बायकोला विचारलं, हे मला कोणी सांगायचं? म्हणाली, तीन वेळा सांगितलं तिने. पहिल्यांदा तुम्ही शीर्षक शोधत होतात. दुसऱ्यांदा म्हणालात, शाब्बास, आता मीठ दे. तिसऱ्यांदा म्हणालात, ते परिचय झाल्यावर.

फोटोग्राफरने तिला विचारलंय, पेशंटशी काय बोलतेस? तिचं उत्तर असं छापलंय : मी बोलत नाही, ऐकते. आमच्या घरी बाबा बोलतात, त्यामुळे ऐकायची सवय लहानपणापासून आहे.

म्हणजे तिच्या समाजकार्याचं मूळ शेवटी माझ्यातच.

हे वाक्य लिहून ठेवलं. पुन्हा वाचलं. हवं तितकं जमलेलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

‘उमलती पावलं’ बंद. मंडळाचं पान फोटोग्राफरकडे, नाव नुसतं ‘आपली मुलं’. अगदीच बाळबोध. हवामान परत मागितलं, तर संपादक म्हणाले, नवी मुलगी चांगलं बघतेय, तुम्ही थोडी विश्रांती घ्या. किती दिवस, ते बोलले नाहीत.

१३ एप्रिल, रविवार

लेक गेली. बस स्टँडवर सगळं मंडळ आलं होतं. निरोपाचं छोटं भाषण तयार ठेवलं होतं. सुरुवात केली तेवढ्यात ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. वेल्डरने तिची ट्रंक टपावर चढवली. माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला उत्तम दिसतं, हे आता मला माहीत आहे.

कप्तान तिच्या गळ्यात पडून रडली. बायको रडली. लेक मला वाकून नमस्कार करायला आली, तेव्हा मी म्हटलं, पोचलीस की फोन कर. भाषणात यापेक्षा पुष्कळ चांगली वाक्यं होती.

फोटोग्राफरने सगळ्यांचा एक फोटो काढला. मी फोटो नीट यावा म्हणून लोकांना सरकवत होतो, त्यामुळे त्यात नाही.

२० एप्रिल, रविवार

दुपारी लेकीचा फोन. एरवी बायकोच घेते, ती आंघोळीला गेली होती, म्हणून मी घेतला.

हॅलो म्हटलं. म्हणाली, बाबा, आई आहे का? म्हटलं, आंघोळ करतेय. बरं, म्हणाली.

मी म्हटलं, बोल ना. आणि थांबलो. मुद्दाम थांबलो. एक शब्द बोललो नाही. मागे कोणीतरी हसत होतं, नळ वाहत होता. मग ती म्हणाली, नाही, विशेष काही नाही, मी नंतर करते, आईला सांगा.

बायको बाहेर आल्यावर सांगितलं. तिने विचारलं, काय बोलली? म्हटलं, तू आहेस का विचारत होती.

एवढंच?

एवढंच.