टॅलियाची कोरी फाइल

१४ ऑक्टोबर, सोमवार
नाही भरणार हे तक्ते! एकतीस वर्षं या गावातल्या पोरांच्या छातीला नळी लावतेय, आणि परवा-परवा नर्स झालेली फिलिपा मला दम्याचे नियम शिकवणार! दम्याच्या प्रत्येक मुलाला लेखी तक्ता द्या म्हणे — बरं असताना काय घ्यायचं, दम वाढला तर काय, अँब्युलन्स कधी बोलवायची. वरचेवर त्रास होणाऱ्यांना रोज घ्यायचा पंप वेगळा.
म्हटलं, "बाई गं, इथली माणसं कागदाने शेगडी पेटवतात."
तर म्हणते, "मग दोन प्रती देऊ."
आगाऊ! पण हसू आलं.

१६ ऑक्टोबर
टेबलावर कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा. उचलून तिच्या टेबलावर ठेवला.

१७ ऑक्टोबर
परत माझ्या टेबलावर.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
आज चांगलीच जुंपली. म्हटलं, थांब, पुरावाच दाखवते. टॅलियाची फाइल काढली — वय सात, राहते आजीकडे, डॉटकडे. पूर्वी महिन्याआड घरघरत यायची. फेब्रुवारीत निळा पंप दिला, दम लागला की तेवढ्यापुरता आराम देणारा. डॉटला सांगितलं, दम लागला की दे, बरी असेल तर उगाच आणू नकोस. तेव्हापासून आठ महिने फाइल कोरी. ना तक्ता, ना रोजचा पंप!
फिलिपाने फाइल चाळली. "डॉक्टर, आली नाही म्हणजे बरी आहे, हे कुणी सांगितलं?"
"एकतीस वर्षांनी सांगितलं."
फाइल मिटून आपल्या कामाला गेली. मजा आली, खोटं कशाला बोलू!

५ नोव्हेंबर, मंगळवार
घोड्यांच्या मोठ्या शर्यतीची सुट्टी, दवाखाना बंद. सगळं गाव गावच्या हॉलमागे सॉसेज भाजत होतं. औषधवाला कॉस्टा बिअर घेऊन जवळ आला.
"डॉक्टर, डॉटच्या नातीला एकदा बघा हो. डॉटने गेल्या महिन्यात तीन निळे पंप नेले, एक खरं तर कितीतरी महिने पुरतो. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणते, उगाच येऊ नकोस असं डॉक्टरच म्हणाल्यात."
निळ्या पंपाला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. दुकानात कुणालाही मिळतो. हे मला माहीत नव्हतं? एकतीस वर्षं माहीत आहे!
ताटली तिथेच टाकून गाडी काढली. टॅलिया मागच्या पायरीवर पुढे वाकून बसलेली, खांदे कानांपर्यंत वर चढलेले. दोन शब्दांपुढे तिसरा निघेना.
डॉट म्हणाली, "सकाळपासून जरा जास्तच आहे. पण तुमची सुट्टी ना आज."
अँब्युलन्स यायला अर्धा तास लागला. तोवर पंप देत बसले.

६ नोव्हेंबर
टॅलिया हॉस्पिटलात. धोका टळला. मला माझी लाज वाटते.
फिलिपा नेहमीसारखीच कामाला लागली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

७ नोव्हेंबर
सहा महिन्यांत फिरकली नाहीत अशी दम्याची मुलं शोधून काढली. बावीस! दवाखान्याचा मॅनेजर कुरकुरला, "डॉक्टर, त्यांना फोन करण्यात अख्खा दिवस जाईल." म्हटलं, जाऊ दे! नियमात बसत नसेल तर माझ्या नावावर लिही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
पहिला फोन लावला. आई म्हणाली, "छे हो डॉक्टर, अगदी ठणठणीत आहे तो!"
मागे कुणीतरी खोकत होतं. थांबतच नव्हतं.