तुमचं नाव बाळाला ठेवत नाही आहोत

प्रिय बाबा,

आधी एक दुरुस्ती. हॉस्पिटलमध्ये मी तुम्हाला सांगितलं होतं, की माझ्या सासऱ्यांना, वेईच्या वडिलांना, बाळासाठी तुमचं नाव नको आहे. ते तसं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तुम्ही गेलात, आणि तेच खरं मानून गेलात. आता बाळ आलंय. मुलगा आहे. येत्या रविवारी नेपरव्हिलच्या घरी बारसं आहे. त्याआधी तुम्हाला खरं काय ते कळायला हवं, म्हणून लिहितेय, तुम्ही किचन टेबलवर शिकवलेल्या मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

त्या दिवशी तुम्ही हसून म्हणालात, "असू दे गं. 'माधव' म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही." मग भिंतीकडे तोंड करून झोपलात. बाबा, खरंच झोप लागली होती का?

वेई एवढंच म्हणाला होता, "डॅड म्हणतात, ते नाव नको." कारण मी विचारलं नाही. बाळ झाल्यावर त्याच्या वडिलांनाच विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "आमच्या चिनी घरांत मोठ्या माणसाचं नाव लहानाला ठेवत नाहीत. उद्या तो हट्ट करेल, आपण त्याच्यावर ओरडू. ते ओरडणं तुझ्या वडिलांच्या नावावर पडेल. तुला ठेवायचं तर ठेव, मी अडवणार नाही. फक्त मला त्याला हाक मारता येणार नाही."

आई पटकन म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. जन्मभर मी 'अहो' म्हटलं, आता 'माधव, चड्डी घाल' म्हणू?" आणि मग रडत राहिली.

नंतर वेईचे वडील बाळाची जन्मवेळ घेऊन बसले, आपले गुरुजी बसतात तसे. त्यांच्या पाच तत्त्वांपैकी बाळात लाकूड कमी निघालं. मला विचारलं, "तुझ्या वडिलांचा जीव कशात होता?" मी खिडकीतला कढीपत्ता दाखवला. दरवर्षी बर्फ पडायच्या आत तुम्ही ती कुंडी कडेवर घेऊन घरात आणायचात. यंदा मी आणली. पानं गळताहेत. पाणी जास्त होतंय का? कुणाला विचारू?

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक चिनी अक्षर लिहून आणलं. डावीकडे झाड, उजवीकडे दक्षिण दिशा. दक्षिणेकडच्या एका सुगंधी, सदा हिरव्या झाडाचं नाव आहे ते: नान. "थंडी न सोसणारं झाड ज्यांनी जगवलं, त्यांचा नातू," ते म्हणाले.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "नान? आणि सोबत भाजी कुठली?" वेईला हे सांगितलं तर तो हसला. मला हसू आलं नाही.

म्हणजे तुमचं नाव आता या घरात कुणी हाक मारून घेणार नाही. मी वेईशी भांडलेसुद्धा. पण एक आजोबा गेले, म्हणून दुसऱ्यांनी नातवासमोर मुकं राहायचं? ते मला नाही जमणार. चालेल ना तुम्हाला?

पाहुणे यायच्या आधी मी पाळणा तुमच्या कुंडीजवळ ठेवीन. नंतर वेईची बहीण आत्या म्हणून त्याच्या कानात 'नान' सांगेल. पण त्याआधी, आम्ही दोघंच असताना, मी त्याला तुमचं नाव एकदा सांगणार आहे. त्याचं म्हणून नाही, तुमचं म्हणून. रविवारी सकाळी, अठरा तारखेला.

तुमची,
मनू