गीत क्रमांक सात

१ फेब्रुवारी १९८८, सोमवार
आजपासून नियमित रोजनिशी. गेल्या वर्षीची तेरा जानेवारीला थांबली, पण तो वहीचा दोष होता. रेघा फार फिकट होत्या.
दुकानाचे मालक शांतीलालशेठ यांनी अखेर परवानगी दिली. रोज एक इंग्रजी रॉक गाणं, दुकानाबाहेरच्या स्पीकरवर, संध्याकाळी पाच दहाला. त्या वेळी धुळे–जळगाव गाडी पारोळा स्टँडवर दहा मिनिटं थांबते आणि आपलं दुकान बरोबर समोर. गाडीतले लोक जाणार कुठे?
शेठची अट अशी. फेब्रुवारी संपायच्या आत एका तरी माणसाने दुकानात येऊन यातलं गाणं कॅसेटवर भरून मागायचं. मागितलं तर कॅसेटचं काउंटर कायमचं माझं. नाही तर शेठचा पुतण्या महावीर जळगावहून येईल, तो काउंटरला बसेल आणि मी मागच्या खोलीत पाण्याच्या मोटारी भरायच्या, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायची. त्या खोलीत वार्निशचा वास आहे. माझं डोकं दुखतं.
एकच माणूस हवा. यंदा लीप वर्ष आहे, म्हणजे एक दिवस जास्त. शेठच्या हे लक्षात आलेलं नाही. मी बोललो नाही.

२ फेब्रुवारी
कॅसेट वनाने नाशिकहून पाठवली. वना माझा मावसभाऊ, तिथे कारखान्यात आहे. गाणी चोवीस. नाव एकाचंही नाही, कव्हरवर फक्त 'रॉक. जुनं, निवडक.' म्हणून मी क्रमांक दिले.
दहावीला इंग्रजीत मी दोनदा राहिलो, तरी भाव कळतो. भावाचा पेपर नसतो.
पूर्ण कॅसेट घड्याळ समोर ठेवून ऐकली. नव्वद मिनिटांची कॅसेट एकशे तीन मिनिटं चालली. कंपनीने तेरा मिनिटं जास्त दिली. असे प्रामाणिक लोक आता राहिले नाहीत.
दुकानाचा टेप डेक मीच सांभाळतो. रोज सकाळी कापूस, स्पिरिट, हेड. वरून आरशासारखा लखलखीत. आत कोणाला हात लावू देत नाही. सहा वर्षांत एकदाही उघडलेला नाही, त्यामुळे आत बिघाड व्हायचं कारण नाही.

३ फेब्रुवारी, सायं. ६
दाराशी फळा लावला. 'आजचे रॉक गीत, क्र. ३. भाव : विरह.' तीनदा पुसून लिहिलं. अक्षर उजवीकडे उतरत होतं.
आजचे श्रोते : गाडीत ४६, स्टँडवर १४. त्यातले झोपलेले ११. झोपलेले वेगळे लिहायचे, पण धरायचे. कान उघडेच असतात.
गाणं संपायच्या आत गाडी सुटली. वेळेच्या सात मिनिटं आधी. एरवी ड्रायव्हर हलत नाही. आज चेहऱ्यावर उत्साह होता.

५ फेब्रुवारी
क्र. ५. भाव : दुष्काळ.
शेजारच्या चहावाल्या तोताराम नानांनी सगळ्यांसमोर विचारलं, भो, हाई गानं शे का विहिरमा पडेल मानूस बोली ऱ्हायना? विहिरीत पडलेल्या माणसावर लोक हसले. मी शांतपणे समजावलं की रॉक हे असंच असतं, जड आवाज, खोल, सावकाश. पाश्चात्त्य माणूस घाई करत नाही. नाना म्हणाले, मग तेन्हा चहा थंडा व्हस व्हई.
चेष्टा हा स्वीकाराचा पहिला टप्पा आहे. फळ्यावर लिहिणार होतो, जागा उरली नाही.

६ फेब्रुवारी
कमलबाई भजनाची कॅसेट परत घेऊन आल्या. काल घेताना आपल्या डेकवर लावून दाखवली, तेव्हाच त्या म्हणत होत्या की बाईचा आवाज बाप्यासारखा येतो. मी म्हटलं, घरी ऐकून बघा. आज म्हणतात, घरी बरोबर येतो, मग तुमच्याकडे बाप्या कसा गात होता? कॅसेट बदलून पाहिजे, हिच्यावर भरवसा नाही.
बदलून दिली. पण त्यांच्या घरचा टेप एकदा तपासायला हवा. गरीब लोक स्वस्त मशीन घेतात आणि फसतात.

८ फेब्रुवारी, सोमवार
क्र. ७. काय गाणं आहे! सर्वांत आवडतं. गाणारा चांगला वयस्कर असावा. एकेक शब्द ओझं उतरवल्यासारखा खाली ठेवतो. मागे ढोल, दोन ठोक्यांच्या मध्ये बिडी पेटवून घ्यावी इतकं अंतर. तीन मिनिटं चाळीस सेकंद.
फळा : 'भाव : वडिलांचे निधन.'
झुंबरबाई म्हणजे तोताराम नानांची आई, वय नव्वदच्या पुढे. दिवसभर चहाच्या बाकड्यावर बसून असतात. नाना सांगतात, तिला वर्षभर झोप नाही, रात्र-रात्र भांडी लावत बसते. आज गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्याला झुंबरबाई बसल्या जागी झोपल्या. तोंड उघडं. सहा वाजेपर्यंत.
तल्लीनता.

१० फेब्रुवारी
क्र. ९. झुंबरबाई झोपल्या नाहीत. काठी आपटून म्हणाल्या, ते परवानं लाव. मी नम्रपणे सांगितलं की एकदा झालेलं गाणं पुन्हा नाही, नियम आहे. त्यांना ऐकू गेलं नाही. काठी आपटतच राहिल्या.

११ फेब्रुवारी
क्र. ७ (विशेष आग्रहास्तव). रोज एक गाणं हा नियम आहे. रोज वेगळं गाणं, असं मी कुठेच लिहिलेलं नाही. मागची पानं तपासली.
दोन मिनिटांत झोपल्या.
शेठना जाऊन सांगितलं की मागणी आली, अट पूर्ण. शेठ म्हणाले, अरे धनसिंग, डोकरी ओट्यावरून मागते ती मागणी नाही. दुकानात येऊन कॅसेट भरून मागितली पाहिजे. मग नानांना सुचवलं, आईसाठी एक भरून घ्या. नाना म्हणाले, तिले टेप कसाले पायजे? तू शे ना फुकट.
शब्द टोचला. पण 'तू शे ना', म्हणजे तू आहेस ना, यात विश्वास आहे.

१५ फेब्रुवारी
क्र. ७. पाचव्या वेळी. श्रोते ५८, झोपलेले १९. आकडा चढता आहे.
बँडवाले उखर्डू मास्तर चहाला थांबले होते. लग्नाची तारीख नव्हती, क्लॅरिनेट काखेत. पूर्ण गाणं ऐकून म्हणाले, याच्यावर वरात निघाली तर नवरदेव पोचेपर्यंत पोरगी म्हातारी होईल. ते कलावंत आहेत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, हे महत्त्वाचं.

१८ फेब्रुवारी
कंडक्टरने येऊन विनंती केली की स्पीकर दुसरीकडे वळवा, ड्रायव्हरला पुढे घाट नाही तरी डुलकी येते. स्पीकर वीस अंश वळवला. आता तो कापसाच्या वखारीकडे आहे. तिथे श्रोते नाहीत, पण आवाज भिंतीवर आपटून परत येतो. गुणवत्ता वाढली.

२२ फेब्रुवारी
एक आठवडा उरला. भरून मागणारा नाही. काळजी नाही.
रात्री झोप आली नाही. वार्निशचा वास आत्तापासून येतोय असं वाटलं. उठून पाहिलं तर चुलीवर दूध लागलं होतं.
संकल्प : (१) रोज दहा लोकांशी स्वतः बोलणे. (२) कोणी हसल्यास हसणे. (३) दूध.

२४ फेब्रुवारी
संकल्प क्र. १ प्रमाणे कॉलेजच्या पोरांशी बोललो. पाच जण होते. विचारलं, रॉक आवडतं का? म्हणाले, खूप. मग आपल्याकडे रोज असतं की! तर एकमेकांकडे बघून म्हणाले, ते रॉक आहे? आम्हाला वाटलं कोणी वारलंय.
संकल्प क्र. २ प्रमाणे मीही हसलो. घरी आल्यावर थांबवलं.

२७ फेब्रुवारी, शनिवार
नाना आज चहा घेऊन स्वतः आले. मग म्हणाले, माय आते रातलेबी झोपस. संध्याकाळची डुलकी लागली की रात्रभर शांत. वर्षभरात पहिल्यांदा घरात सगळे झोपले. एवढं बोलून लगेच म्हणाले, पन आवाज म्हैसनाच शे.
चहा कडक होता. स्पेशल असावा.

२९ फेब्रुवारी, सोमवार, रात्री
सगळं क्रमाने लिहितो. घाईत चुका होतात.
सकाळी नऊला महावीर आला. पांढरे बूट. नमस्कार वगैरे ठीक. अट आज संध्याकाळपर्यंत आहे, हे मी त्याला प्रथम सांगितलं. तो डेककडे बघत होता. म्हणाला, भाईसाब, हा हळू चालतोय. मी म्हटलं, हा असाच चालतो. मी चहा सांगायला गेलो आणि परत आलो तेवढ्यात त्याने डेक उघडला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा! आतून एक काळा रबरी बेल्ट काढला, बोटाने ताणला. तो ताणला तसाच लोंबत राहिला. म्हणाला, हा गेलाय, दोन-तीन वर्षं झाली असतील. खिशातून नवीन काढून चढवला. जुना टेबलावर टाकला. मी तो उचलून ठेवला. दुकानाची वस्तू आहे.
मग त्याने कमलबाईंनी परत केलेली भजनाची कॅसेट लावली. बाई बाईच्या आवाजात गायली. योगायोग.
पाच दहा. फळ्यावर मी लिहून ठेवलं होतं : 'समारोप. क्र. ७. भाव : वडिलांचे निधन.' बटण महावीरने दाबलं.
ते गाणं नव्हतं ते. म्हणजे तेच होतं. वयस्कर माणूस कुठे गेला कळेना, वीसेक वर्षांचा पोरगा ओरडत होता. ढोल इतका जवळजवळ की बिडी सोडा, काडी ओढायला वेळ नाही. मी घड्याळ सावरेपर्यंत संपलंसुद्धा. तीन मिनिटं दहा सेकंद. कॉलेजची पोरं रस्त्यातच नाचायला लागली. ड्रायव्हरने हॉर्नवर ठेका धरला. गाडी सात मिनिटं उशिरा सुटली. झोपलेले : शून्य.
महावीरला इंग्रजी येतं. म्हणाला, पोराने नवी मोटारसायकल घेतली आहे, त्याचा आनंद आहे. मी फळा बाहीने पुसला.
चार जण आत आले, हेच भरून द्या म्हणून. चार! मी शेठना म्हटलं, अट एकाची होती, गाणं माझं, कॅसेट माझ्या मावसभावाची, तारीख एकोणतीस. शेठनी टोपी काढून झटकली, परत घातली. मग म्हणाले, भाया, तू महिनाभर लावलंस ते निराळं होतं.
माणूस चांगला आहे, पण संगीताचा कान नाही.
झुंबरबाई मात्र जाग्या होत्या. काठी आपटून विचारत होत्या, आज मनं गानं का लावं नही रे भाऊ? महावीर म्हणाला, लावलं की आजी. त्या म्हणाल्या, ते नही. सात वाजता नाना त्यांना हात धरून घरी घेऊन गेले. तेव्हाही जाग्याच.

१ मार्च
मागच्या खोलीत पहिला दिवस. वार्निशचा वास अपेक्षेपेक्षा कमी. दोन मोटारी आल्या, यावलच्या केळीवाल्याची एक. पंख्याखाली जागा मिळाली. पंखा दुरुस्तीला आलेला आहे, चालत नाही.
सकाळी अकरा. तोताराम नाना मागच्या दाराने आले. रोज समोरून हाक मारणारा माणूस. बाजूला उखर्डू मास्तर. नाना उभेच राहिले. म्हणाले, माय गई. पहाटे. मग म्हणाले की नव्वदीचं माणूस आहे, वाजवत न्यायचं. भजन मास्तरांना येतं, पण रात्रभर ती एकच विचारत होती. महावीरकडे मागितलं तर तो मोटारसायकलवालं देतोय. भो, हाई तिनं गानं नही. तिनं गानं दे. भरी दे मले.
मी वनाची कॅसेट मागितली, नाना ती महावीरकडून घेऊनच आले होते. जुना बेल्ट माझ्या डब्यात होताच. मागच्या खोलीत एक भंगारातला टेप आहे, त्याला चढवला, वायर टाकून दुसऱ्या टेपवर कोऱ्या कॅसेटमध्ये भरून दिलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. एकही सेकंद इकडेतिकडे नाही. नाना पूर्ण वेळ मोटारीच्या खोक्यावर बसून होते. या वेळी म्हैस म्हणाले नाहीत.
मास्तरांनी दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा क्लॅरिनेट लावली. मला म्हणाले, पोरा, याला वरात कोण म्हणलं होतं रे? मी नाव घेतलं नाही.
नोंद : दुकानात येऊन गाणं भरून मागणारा, एक. एक दिवस उशीर झाला. शेठना सांगितलेलं नाही. त्यांच्या पुतण्याचा पहिला दिवस आहे, मन मोडू नये.

सायं. ५.३०
झुंबरबाईंना आपल्या दुकानावरूनच नेलं. बरोबर पाच दहाला, धुळे–जळगाव गाडी उभी असताना. बँडवर क्र. ७, अगदी माझ्या गतीने. मोटारी भरायचं थांबवून बाहेर आलो. गाडीतले लोक उठून उभे राहिले, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. काल नाचलेल्या कॉलेजच्या पोरांनी आज पाय जमिनीवर ठेवले. महावीरने समोरचा स्पीकर बंद केला, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं.
काल पुसलेला फळा मी दुपारीच पुन्हा लिहून ठेवला होता. काही बदल करावा लागला नाही, फक्त 'वडिलांचे'च्या जागी 'आईचे' केलं.
श्रोते : सुमारे दोनशे. झोपलेल्या : एक.