छोट्या बाई

प्रिय छकू,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. दर रविवारी फोनवर तासभर बडबडणारी ताई एकदम कागद-पेन घेऊन का बसली, असं तुला वाटेल. सांगते, पण मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुला माहीतच आहे. शाळा सुटलीय. धाकटा खाली मैदानावर फुटबॉल खेळतोय आणि मी वर्गात एका चिमुकल्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, अशी बसलेय. मोठ्या माणसाची खुर्ची वर्गात एकच, आणि ती बाईंची. बाई केव्हाच घरी गेल्या, तरी तिच्यावर बसायचा धीर होत नाही.

आमच्याकडे मुलांनी पदं वाटून टाकलीत. मुख्याध्यापिका त्या मोठ्या बाई, वर्गाच्या त्या नुसत्या बाई, आणि मी, मदतनीस, म्हणून छोट्या बाई. बाई माझ्यापेक्षा चांगल्या पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण छोटी मीच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी येऊन पोट धरून हसले. आता हसू येत नाही. परवा मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. शिक्षिकेचं प्रशिक्षण आहे, वर्षभराचं, रोज शाळा सुटल्यावर थेट संध्याकाळपर्यंत. शाळाच पाठवणार. पुढच्या वर्षी माझा स्वतःचा वर्ग. शुक्रवारी सांगा म्हणाल्या. आज गुरुवार आहे.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होते तेव्हा मी केवढ्या तोऱ्यात असायचे, आठवतं? सगळ्या गावाचं पाणी माझ्या टेबलावरून जायचं. माझी सही झाल्याशिवाय टाकीचा नळ सुटत नसे. मग थोरली झाली, दोन वर्षांची रजा घेतली. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग धाकटा. कुणी मला घरात कोंडलं नाही गं, तेच तर दुखणं आहे. प्रत्येक वेळी मीच पुढे होऊन म्हटलं, मी आहे ना. गेल्या वर्षी पुन्हा तिथे मुलाखतीला गेले तर यंत्रं सगळी नवी आणि समोरचा पोरगा विचारतो, मधल्या काळात काय केलंत? मी आपली फाइल उचलून निघाले. बाहेर येऊन जिन्यात रडले.

म्हणून ही नोकरी. सगळ्यांना आनंद झाला. तुझे भावोजी म्हणाले, किती सोयीचं, मुलगा त्याच शाळेत, तीनला घरी, सुट्ट्या एकत्र. थोरलीही म्हणाली सोयीचं. मला आताशा त्या शब्दाचा इतका राग येतो की विचारू नकोस. सोय म्हटली की ती दुसऱ्याचीच असते. घरातून सुटायला म्हणून इथे आले, तर इथेही तेच. नाकं पुसा, पेन्सिलींना टोक करा, रडणाऱ्याला मांडीवर घ्या, सांडलेला रंग पुसा. सकाळी घरी करते तेच दुपारी शाळेत, नि संध्याकाळी परत घरी. आणि सवय किती मुरलीय बघ. बाई वर्गाला विचारतात, फळा कोण पुसेल? चिवचिवाट होतो, आणि सगळ्यांच्या आधी हात वर जातो तो माझा! मागच्या रांगेतून, चांगला उंच. पोरं खो खो हसतात. बाई बिचाऱ्या तोंड फिरवून हसू दाबतात. कितीदा ठरवलं, हात मांडीखाली दाबूनही बसले, तरी जातोच. मीही हसते, पण घरी जाताना नाही.

गेल्या आठवड्यात बाईंचा आवाज बसला. घशातून नुसती हवा. त्यांनी खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः माझ्या चिमुकल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. वजाबाकी होती. बेचाळीसमधून सतरा. दोनातून सात जात नाहीत, मग शेजारच्या घरातून एक दशक उसना घ्यायचा, मी सांगत होते. तर दोन वेण्यांची एक पोर उभी राहिली. वर्गात तोंड न उघडणारी. म्हणाली, छोट्या बाई, उसना घेतलेला परत कधी द्यायचा? मी म्हटलं, तो परत देत नाहीत. तर ती म्हणाली, मग उसना कशाला म्हणता, घेतला म्हणा ना! छकू, मी खडू खाली ठेवला. मग काड्यांचे गठ्ठे काढले, दहाची गाठ सोडून दाखवली, एका घरातल्या काड्या दुसऱ्या घरात नेल्या, पोरीच्या चेहऱ्यावर उजेड पडेपर्यंत सोडलं नाही. तास संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही. इतक्या वर्षांत मला असं भान हरपून काही करायला मिळालं नव्हतं. मला तो वर्ग हवाय गं. लाज वाटावी इतका हवाय.

आता मुद्दा. रविवारी तू रडवेली होतीस. बाबा पुन्हा पडले, त्यांना दिवसभर एकटं ठेवता येत नाही, तुला रजा मिळत नाही, आणि ताई, तू तर तीनला घरी असतेस. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. महिनाअखेरीला तू त्यांना घेऊन येणार आहेस. ते हो मी परत घेतेय. बाबा माझेही आहेत. शनिवार-रविवार माझे, सगळ्या सुट्ट्या माझ्या, आणि दिवसासाठी एखादं माणूस आपण दोघी मिळून शोधू. पण रोजचं मी नाही करणार, या वर्षी नाही. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर मोठ्या बाईंना सांगून झालेलं असेल. तू रागाव, अबोला धर, बाबांपाशी माझ्या खुशाल कागाळ्या कर. फक्त या रविवारी फोन करू नकोस. तू नुसतं 'ताई' म्हणालीस, तरी मी हो म्हणून बसेन.

तुझीच,
ताई