भरला डबा माघारी

सोमवार, ८ जुलै ७४. सांगली

विद्यापीठाचं परिपत्रक आलं. वसतिगृहातल्या प्रत्येकाने आठवड्याच्या आत कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी, रेक्टरने स्वतः उभं राहून यादी करावी. रेक्टर म्हणजे मी. प्रिन्सिपॉल म्हणाले, "तुम्ही केमिस्ट्रीवाले, तुम्हाला जमेल." केमिस्ट्रीचा आणि दंडाचा संबंध काय, हे विचारायचं राहिलं.

दुपारी डॉक्टर आले. तालमीत जाणारी दोन धिप्पाड पोरं खिडकीतून मागच्या उसात पळाली. वसतिगृहाचा गडी बाबूमामा, वय पन्नाशीच्या पुढे, त्याने धरून आणली. पहिली सुई मी घेतली, धडा म्हणून. घेताना भिंतीकडे बघत होतो, ते पोरांनी पाहिलंच. दंड भरून आलाय, खडू वर धरवत नाही.

गुरुवार, ११ जुलै

दुसरं परि. टोचल्याचा दाखला नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देऊ नये. पहिल्यात 'घ्यावी' होतं, यात 'घेतलीच पाहिजे'. विहिरीत पावडर टाकली. वास येतो म्हणून पोरांची कुरकुर. पिण्याचं पाणी उकळून द्या, हेही आहे. मेसचे अण्णा जैन आहेत, ते हसले. "आमच्यात गाळून उकळूनच पितात, आजोबाच्या आजोबापासनं. तुमच्या विद्यापीठाला आत्ता उमगलं व्हय?" चूल मात्र लगेच एक वाढवली.

या रविवारी साताऱ्याला जाणं नाही. रेक्टरने जागा सोडू नये असं कलम आहे. सु.ला कळवायला हवं. लग्नाला नऊ वर्षं, ती तिथल्या शाळेत, मी इथे. अर्धा संसार एस.टी.त.

सोमवार, १५ जुलै

प्रि. विचारत होते, डब्यांचं काय? परिपत्रकात काही नाही म्हटलं.

मेसला न जेवणारी बरीच पोरं आहेत. सकाळच्या गाडीने घरून भाकरीचा डबा येतो, कंडक्टर स्टँडवर उतरवतो, बाबूमामा सायकलला लटकवून आणतो. दुपारच्या गाडीने रिकामे डबे परत. वर्षानुवर्षं असंच.

आज मुद्दाम जेवणाच्या वेळी खोल्यांतून फिरलो. सेकंड इयरचा महादेव पवार डबा धुऊन पुसून त्यात चार फुटाणे टाकत होता. हा वाकळवाडीचा, विट्याच्या अलीकडचा. वडील फौजेत, सरहद्दीवर. घरी आई एकटी. फुटाणे कशाला रे?

"रिकामा डबा माघारी लावू न्हाई म्हनती आई. आन् तिला वाचता येत न्हाई सर. फुटाणं दिसलं की तिला कळतं, पोरगं जेवलं, बरं हाय."

रोज?

"रोज. हे दुसरं वरीस."

कधी फुटाणे, कधी चिंचेचा कोवळा पाला, एकदा बत्तासा. मला गंमत वाटली. तुझं पोस्ट सरकारी पोस्टापेक्षा बरं आहे म्हटलं, तर लाजला.

गुरुवार, १८ जुलै

तिसरं परि. बाहेरचं शिजवलेलं अन्न बंद. विट्याकडच्या गावांत लागण आहे म्हणतात. डबेवाल्या पोरांनी मेसमध्ये जेवावं, कॉलेज सोसेल, हे प्रि.नी उभ्या उभ्या ठरवलं. मोठा माणूस.

अंमलबजावणी माझ्याकडे. बसून नीट बेत आखला. डबा स्टँडवरच अडवायचा. कंडक्टरने खाली उतरवायचाच नाही, त्याच गाडीने जसाच्या तसा परत. कुणाचा हात लागत नाही, फाटकापाशी वाद नाही. प्रि. खूश. मीही.

मग महादेव आला.

"सर, डबा जाऊ दे माघारी. मला स्टँडवर त्यात फुटाणं तेवढं टाकू द्या."

डबा उघडायचा नाही, म्हटलं.

"मग वरच्या फडक्याला बांधतो."

हात लावायचा नाही. एकाला सूट दिली की सगळे रांग लावतील. पोस्टकार्ड टाक.

"पोस्टमन आठवड्यातनं एकदा येतो सर. आन् वाचनार कोन? गुरुजी बी आजारी हाईत."

मी माझ्याकडचं कोरं कार्ड त्याला दिलं. थँक्यू सर म्हणाला आणि गेला. आणखी काय करायला हवं होतं?

शनिवार, २० जुलै

आजपासून डबे परत. सुरळीत. मेसमध्ये दाटी, अण्णांच्या भाकऱ्या पुरत नाहीत, दुसऱ्या पंगतीला भातावर भागवलं. म. जेवतो नीट. जेवून झालं की खिशातली फुटाण्यांची पुडी काढून शेजारच्यांना वाटतो.

बुधवार, २४ जुलै. पंचमी

सकाळी स्टँडवर गेलो, व्यवस्था बघायला. म.च्या डब्याला आज वर एक जादा कप्पा बांधलेला. बाबूमामाने लांबूनच वास घेतला. "दिंडं हायती सर. पंचमीची. ऊन ऊन बांधल्याती माउलीनं."

गाडी वळली, डबा गेला.

अण्णांनीही दिंडं केली होती. मी दोन खाल्ली. म. पानावरून उठून गेला. त्याला थांबवलं नाही.

शुक्रवार, २६ जुलै

वाकळवाडीचा डबा काल नाही, आज नाही. म्हणजे कार्ड पोचलं, आईला समजलं. म.ला तसं सांगितलं. मला तरी हायसं वाटलं.

चौथं परि. गाठीभेटी बंद, लागण असलेल्या भागातल्या कुणाला फाटकाच्या आत घेऊ नये. फाटकापाशी चुन्याची रेघ मारून घेतली. सरळ आली, दोरी धरली होती.

शनिवार, २७ जुलै

लिहवत नाही. लिहितो.

अकराच्या सुमाराला फाटकापाशी एक बाई. हिरवं लुगडं, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर डबा. फडकं मी ओळखलं. गावाच्या फाट्यावर गाडी थांबत नाही परवापासून, म्हणून उलट मागे विट्यापर्यंत चालत आणि तिथून गुळाच्या ट्रकमधून आलेली. मला म्हणाली,

"आवं मास्तर, पवाराचा म्हादू हितंच राहतो न्हवं? हाय का गेला, तेवढं सांगा. म्या रडत न्हाई."

आहे, बरा आहे, म्हटलं. तिला पटेना.

"मग डबा का माघारी आला? एक दिस न्हाई, पाच दिस. आतलं तसंच. भरला डबा माघारी कवा येतो? खानारा नसला तवाच न्हवं? पंचमीची दिंडं बी आली तशीच. म्हटलं, गेलं माझं लेकरू, आन् ह्यास्नी कळवायला तोंड हुईना. धन्याची तार यील ह्या धास्तीनं ऱ्हातो आमी, पोराची धास्ती कवा न्हवती."

कार्ड आलं नाही का?

"कसलं कार्ड?"

म.ला बोलावलं. धावत आला, रेघेपाशी थबकला. ती पुढे यायला लागली तेव्हा हात आडवा केला, तो माझा हात. तिने रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मुलाला पायापासून डोक्यापर्यंत बघत राहिली. आणि एकाएकी भडकली.

"आरं लेका, चार फुटाणं तरी टाकायचं हुतंस रं!"

आता माझं नाव येणार म्हणून मी उभा. तो खाली बघून म्हणाला, "इसरलो गं आई."

मी बोललो नाही. तोंड उघडायला हवं होतं, उघडलं नाही. सगळी पोरं गॅलरीतून बघत होती.

डबा तिने रेघेवर ठेवला. आत घेता येणार नाही म्हटलं. "नगा घिऊ. भाकरी गाईला घाला. भांडं धुऊन ठिवा, पुन्यांदा लागंल." पाणी मागितलं. अण्णांनी तांब्या दिला, पाठोपाठ दुसरा दिला, तिसरा दिला. चेहरा ओढलेला दिसत होता. एवढं चालून आली म्हणून असेल. विट्याकडे जाणारा ट्रक बघायला निघाली. स्टँडपर्यंत सोडून येऊ का, म.ने विचारलं. रेघेबाहेर गेलास तर आत येता येणार नाही, हेही मीच सांगितलं.

सोमवार, २९ जुलै

वाकळवाडीत पटकी, म्हणजे कॉलराच. गाव बंद केलंय.

म. अर्ज घेऊन आला. गेलास तर पंधरा दिवस आणि डॉक्टरचा दाखला, त्याशिवाय परत नाही; प्रॅक्टिकलं बुडतील, वर्ष जाईल, हे समजावलं.

"आईनं वर्साचा इचार केला न्हाई सर."

सही केली. दारातून वळला तेव्हा म्हटलं, आईला सांग, फुटाण्यांना सर नको म्हणाले होते.

"तिला कळलंच आसंल सर. मी कवा इसरत न्हाई, तिला ठावं हाय."

पायात चप्पल होती नुसती. पिशवीत दोन पुस्तकं घातली होती, ती परत काढून मला दिली.

गुरुवार, १ ऑगस्ट

सु.चं पत्र. रविवारी तिला सगळं लिहून पाठवलं होतं. उत्तरात उपदेश नाही, सासूबाईंच्या गुडघ्याचं आहे, शाळेचं आहे, शेवटी एक ओळ: "डबा न उघडता परत पाठवायचा, हे परिपत्रकात होतं की तुमचं?"

फाईल काढली. तिसऱ्या परि.त एवढंच आहे: बाहेरील शिजवलेले अन्न वसतिगृहात आणू नये. त्यात स्टँड नाही, कंडक्टर नाही, 'हात लावू नये' नाही. स्टँडवर डबा रिकामा करून चार फुटाणे टाकून लावला असता तर कुणाचा काही नियम मोडत नव्हता. ते सगळं मी घातलेलं. विद्यापीठाला नावं ठेवण्याची सोय होती, तीही उरली नाही. लाज वाटते.

सोमवार, ५ ऑगस्ट

पाचवं परि. लागण ओसरत आहे, डबे येऊ द्यावेत, अन्न गरम करून खावं. चुन्याची रेघ पावसाने आधीच निम्मी पुसली होती, उरलेली बाबूमामाने खराट्याने काढली.

डबे आले. पोरं स्टँडपर्यंत पळत गेली. एकाने तिथेच उघडून भाकरी मोडली, ओरडलो नाही.

म.चा डबा माझ्या कपाटावर आहे, धुतलेला. त्याचा काही पत्ता नाही. विट्याच्या कंडक्टरला विचारलं. "फाट्यावर पोलीस बसलाय सर, आत कुनी जात न्हाई. सरणं जळाली म्हनत्यात. कुनाची ते ठावं न्हाई." प्रि.नी तालुक्याला फोन लावून पाहिला, लागला नाही. पत्र टाकलं. वाचणार कोण, हे त्याने मला आधीच सांगितलं होतं.

गुरुवार, ८ ऑगस्ट

डबा पाठवला.

सकाळी अण्णांकडे नेऊन ठेवला. म्हटलं, दोघांचं भरा. त्यांनी कुणाचं ते विचारलं नाही. भाकरी, पिठलं, भात, खालच्या कप्प्यात उकळलेलं पाणी गच्च झाकण लावून. सगळी परिपत्रकं एकदा चाळली, जुनी खोड. आत येणाऱ्या डब्याबद्दल आहे, बाहेर जाणाऱ्याबद्दल अक्षर नाही.

फुटाणे स्टँडवर घेतले, चार मोजून वर टाकले. मग वाटलं चार का, मूठभर टाकले. फडक्याची गाठ मला साधेना. तिची गाठ वेगळी होती, दोन कान वर राहायचे. बाबूमामाने बांधून दिली.

कंडक्टर म्हणाला, "फाट्यावर पोलिसापाशी ठिवतो. घरचं कोन आलं तर घील. भांडं उद्या सकाळी घिऊन येतो, कसं बी."

कसं बी म्हणजे?

"म्हंजी खाल्लेलं नायतर तसंच."

शुक्रवार, ९ ऑगस्ट

स्टँडवर बाकावर बसून लिहितोय. गाडी दहाची, मी साडेनऊपासून. पहिला तास घेतला नाही, नोकरीत प्रथमच. बाबूमामा म्हणाला, मी आनतो, तुमी ऱ्हावा. नको म्हटलं.

ती बाई पाच दिवस अशीच फाट्यावर उभी राहिली असेल. मला एकच सकाळ जात नाही.

उघडून बघायची गरज पडणार नाही. हातात घेतलं की कळेल. हलका असेल तर आत काही टाकलंय का ते बघेन. पाला, खडा, काहीही.

गाडी वळली आत. दारात कंडक्टर उभा आहे, हातात फडकं दिसतंय. जड आहे की हलका, इथून कळत नाही.